डाव्या चाकाची पिवळी रेघ

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे परशराम पावशे यांना, बेळगावजवळच्या कंग्राळीत अजून सगळे हवालदारच म्हणतात. फौजेतून ते परत आले त्यानंतर जन्मलेली पोरं आता लग्नाला आली, तरी हवालदारकी काही सुटत नाही. त्यांची स्वतःचीही सुटलेली नाही. चप्पल उंबऱ्याबाहेर एका रेषेत पाहिजे, बादलीचा कान भिंतीकडे पाहिजे, आणि यातलं काही चुकलं की "मिलिटरीत असं नसतंय" हे पालुपद ठरलेलं. मी निपाणीची. आमच्या घरात माणसं मोठ्यानं बोलतात आणि हातातली वस्तू जिथं मन होईल तिथं टाकतात. लग्न होऊन या शिस्तीत येऊन पडले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला माहेरचा पसारा आठवून रडू आलं होतं. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. माझा नवरा सूरज नोकरीला पुण्यात, मी बेळगावात एका विमा कचेरीत, त्यामुळं घरात रोजची आम्ही तिघंच.

मामा फौजेत ड्रायव्हर होते. बाकीचे निवृत्त लोक ट्रंकेत मेडल ठेवतात, मामांना त्यांची गाडी पाहिजे होती. जोंगा नावाची. दिसायला जीपचा थोरला भाऊ, आणि पेट्रोल पिण्यात त्याचा दारुडा काका. फौजेनं लिलावात काढलेली अशीच एक जोंगा बेळगावच्या एका भंगारवाल्याच्या आवारात पडलीय असं त्यांना कळलं, आणि दोन दिवस माणूस नीट जेवला नाही. मग एका सकाळी ती ट्रॉलीवर बसून आमच्या दारात आली. एक चाक नव्हतं, सीटच्या जागी उंदरांचा संसार होता, आणि खालच्या पत्र्यातून कडुलिंबाचं रोप वर आलं होतं. म्हशी चुलत दिरांच्या गोठ्यात गेल्या आणि आमच्या गोठ्यात ही आली. आत्ती दारातनं बघत होत्या. "म्हस दूध तरी देत हुती," एवढंच म्हणून त्या भाकरी थापायला आत गेल्या.

त्यानंतर गोठ्यात जे सुरू झालं ते बघायला सुरुवातीला गाव लोटलं, मग कंटाळून घरी गेलं. मामांनी इंजिन खोलून पोत्यांवर मांडलं. प्रत्येक भाग रॉकेलनं धुतला, पुसला, डब्यात ठेवला. डबे संपले तेव्हा माझा इडलीपात्राचा संच गेला. मी भांडले. "वाट्या बरोबर मापाच्या हायत की," असं उत्तर मिळालं. तेवढ्यापुरता मला राग यायचा, पण खरं सांगते, ऑफिसातून आल्यावर मीच चहाचा कप घेऊन गोठ्यात जाऊन बसायची. एवढ्या लोखंडातून हा माणूस गाडी उभी करणार कशी, याचं मला कुतूहल होतं.

एकदा मी विचारलं, की तुम्ही प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ का मारता. ती रेघ नटावरून निघून खालच्या पत्र्यावर उतरायची. मामांनी हातातला पाना खाली ठेवला.

"नट आवळला की रेघ मारायची. नट जरा जरी फिरला तर रेघ मोडती, लांबनं दिसतंय. रेघ न्हाय म्हंजे नट आवळलेला न्हाय. मिलिटरीत तोंडी काय चालत न्हाय. 'आवळलंय साहेब' म्हणणारा ड्रायव्हर दरीत जातोय."

दुसरा नियम को-ड्रायव्हरचा. फौजेची गाडी को-ड्रायव्हरशिवाय हलत नाही. डाव्या बाजूला एक माणूस बसायचाच, आणि त्यानं बोलायचं नाही, बघायचं. पुढं गाडी चालू झाल्यावर हे काम बहुतेक माझ्याकडं आलं. कंग्राळीच्या रस्त्यानं जीव मुठीत धरून मी डावीकडं बसायची, आणि गप्प बसणं हे माझ्या स्वभावात नसल्यानं तेही एक शिक्षाच होती.

विसरणं कधी सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. मी दिवसभर बाहेर. मला दिसलं ते असं की मामा विचारायचे, "मोटर बंद केली व्हती न्हवं म्या?" आणि आत्ती चुलीपुढून मान न वळवता म्हणायच्या, "व्हय, केलासा. मी बघितलंय." मग मामा निवांत व्हायचे, आणि आत्ती पदर खोचून मागल्या दारानं विहिरीकडं धावायच्या, कारण मोटर चालूच असायची. गोळीचं तसंच. "घेतली व्हय?" "घेतलासा, मी बघितलंय." आणि जरा वेळानं भाकरीबरोबर गोळी ताटात यायची. मी एकदा आत्तींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "वय झालं की हुतंय. तू सूरजला काय बोलू नगंस."

मी बोलले. मामांना बेळगावात डॉक्टरांकडेही मीच नेलं, डोळे तपासायला जायचंय असं खोटं सांगून. डॉक्टर भले होते. त्यांनी मला वेगळं बोलावून सांगितलं की हा आजार हळूहळू वाढणारा आहे. जुनं पक्कं राहील, नवं टिकणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीचं इंजिन ते डोळे मिटून जोडतील, पण काल संध्याकाळी काय जोडलं ते त्यांना सांगता येईलच असं नाही. गाडी आताच बंद करा असं म्हणत नाही, पण एकटं सोडू नका.

परत येताना मी सूरजची छोटी गाडी चालवत होते, मामा शेजारी बसून बाहेर बघत होते. "डोळ्यांस काय झालेलं न्हाय माझ्या," ते म्हणाले. मला कळेना की त्यांना किती कळलंय. मी म्हटलं, व्हय मामा, डोळे चांगले आहेत.

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. ऑफिसात बसून मी पॉलिसीच्या हप्त्यांबद्दल बोलत असायची आणि डोळ्यांपुढं गोठा. त्यांनी ब्रेक खोलला असेल आणि अर्धा जोडून विसरले असतील तर? पेट्रोलचा नळ? घरी आले की मी चहा घ्यायच्या आधी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि पिवळ्या रेघा बघायची. रेघा असायच्या, त्यावरच मी झोपायची. आणि मला हेही उमगलं की मामा स्वतः तेच करत होते. सकाळी उठून ते गाडीभोवती फिरायचे आणि एकेक रेघ बघून स्वतःशी मान हलवायचे. आपल्या डोक्यावर भरवसा ठेवता येत नाही हे त्या माणसाला आमच्या कुणाच्याही आधी कळलं होतं, आणि त्यानं आपला भरवसा लोखंडावर रंगवून ठेवला होता. ती गाडी पुरी झाली तर आपण अजून हवालदार परशराम आहोत, एवढंच त्यांना बघायचं असावं. म्हणून मी ती बंद करा असं म्हणू शकले नाही. सूरज फोनवर ओरडायचा, तू तिथं असून करतेस काय. पुण्यात बसून ओरडणं सोपं असतं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी जोंगा पुरी झाली. हिरवा रंग, नव्या गाद्या, सगळं. आणि मामांनी देवळात सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यंदा शिलंगणाला गावातल्या म्हाताऱ्या बायका चालत जाणार नाहीत, जोंगातून जातील. आमच्यात सीमोल्लंघनाला शिलंगण म्हणतात. गावाबाहेर माळावर पालखी जाते, तिथं आपट्याची पूजा होते, मग सगळे सोनं लुटतात. माळाची चढण थोडीच, पण मध्ये एक वळण आहे आणि त्या वळणाला डाव्या अंगाला बिनकठड्याची जुनी विहीर. आमच्या गल्लीतली मालुबाई आणि तिच्या वयाच्या बायका गुडघ्यांमुळं कित्येक वर्षं माळावर गेल्या नव्हत्या. त्यांनी मामांना इतके आशीर्वाद दिले की आता माघार घेणं शक्य नव्हतं. त्या रात्री मला स्वप्नात ती विहीर दिसली.

अष्टमीला मी ऑफिसला निघाले तेव्हा मामांनी पुढचं डावं चाक काढलं होतं. ब्रेकचं तेल कुठंतरी पाझरतंय असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी मी आले तर चाक जागेवर होतं, जॅक काढलेला, गाडी पुसून लख्ख. मी दमले होते, अंधार पडत होता, आणि घरात खंडेनवमीची घासपूस चालली होती. त्या दिवशी मी फेरी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. घरातलं प्रत्येक हत्यार त्या दिवशी देवापुढं जातं. विळे, कोयते, कुदळ, आत्तींची शिलाई मशीन, मामांचे सगळे पाने, जॅक, हातोडी. माझा लॅपटॉपसुद्धा झेंडूखाली गेला, आणि ऑफिसातून फोन आला तर काय सांगू, म्हटल्यावर आत्ती म्हणाल्या, "सांग, देवापुढं हाय." एकदा मांडलेलं हत्यार शिलंगण झाल्याशिवाय उचलायचं नाही, ही आमच्या घरातली रीत. उचललं तर वर्षभर हाताला यश नाही म्हणतात. आत्ती या बाबतीत मामांच्या मिलिटरीपेक्षा कडक. गाडी मोठी, ती आत कशी येणार, म्हणून तिची पूजा गोठ्यातच झाली. मी नैवेद्याचं बघत होते, पूजा आत्तींनी केली.

दसऱ्याच्या दुपारी मामांनी गाडी दारात काढली. चाकांखाली लिंबं ठेवली होती ती चिरडली, कोहळा फोडला, बायकांना एकेक करून मागं चढवलं. मालुबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी चढून बसली होती आणि सगळ्यांना जागा वाटत होती. मामांनी गाडीभोवती फेरी मारली. मी बघत होते. प्रत्येक चाकापाशी थांबून, वाकून, "पिवळं हाय," म्हणून पुढं. डाव्या पुढच्या चाकापाशीही थांबले. "पिवळं हाय." मग वर चढून इंजिन चालू केलं. पालखीचा ढोल देवळाकडून सुरू झाला होता.

पुढच्या बंपरला बांधलेली झेंडूची माळ सुटून लोंबत होती. ती खोचायला मी वाकले आणि माझा हात डाव्या चाकाला घासला. हात वर घेतला तर बोटं पिवळी.

रंग वाळला की हाताला लागत नाही. मी परत बोट फिरवलं. नटावरची पिवळी रेघ पुसून गेली आणि खाली नुसतं काळं लोखंड. दुसरा नट, तिसरा. सगळी हळद.

आत्ती आरतीचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "आत्ती, या चाकाला पिवळं कुणी लावलं?"

"म्या लावलं," त्याही हळूच बोलल्या. "बाकीच्या चाकांस्नी त्यांनी लावलं व्हतं. ह्येला लावायचं इसरलं. सणाचं एक चाक बोडकं दिसाय लागलं, म्हणून काल पहाटेच हळद कालवून काडीनं वढली. त्यांस्नी सांगू नगंस, वाईट वाटंल."

"आत्ती, ती शोभेची न्हाय. नट आवळल्याची खूण आहे ती. रेघ नाही म्हणजे त्यांनी नट आवळलेच नाहीत."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. एवढी वर्षं या माणसाबरोबर काढून त्यांनी लोखंडातलं कधी काही विचारलं नव्हतं आणि मामांनीही सांगितलं नव्हतं. "चाक लावत व्हते तवा म्याच हाक मारली," त्या म्हणाल्या. "माळ्यावरनं तांब्याची भांडी काढायला. भांडी काढली आन् ते परत गेलं, बसलं, गाडी पुसाय लागलं." मामांनी हॉर्न वाजवला. मागं बायकांनी हसून टाळ्या वाजवल्या.

मी आत पळाले. देवापुढं पाने मांडलेले, चाकाचा मोठा पाना विळ्याला टेकून, त्यावर कुंकू, त्यावर झेंडू. मी फार देवधर्माची नाही, तरी माझा हात पुढं होईना. बाहेर ओरडून सांगितलं तर अख्ख्या गावासमोर मामा उघडे पडतील, आणि न सांगावं तर वळणावर विहीर. काहीतरी खोटं सांगून सगळ्यांना उतरवावं, मला चक्कर येते म्हणावं, असले विचार एकावर एक येत होते. तेवढ्यात मागून आत्ती आल्या. मला वाटलं, अडवणार.

"बाजूला सर," त्या म्हणाल्या. त्यांनी पान्यावरचं फूल बाजूला केलं, हात जोडले, आणि पाना स्वतःच उचलला. "काय लागायचं ते मला लागू दे. तुझं अजून समदं व्हायचं हाय."

तो जड पाना दोन्ही हातांत धरून त्या बाहेर आल्या तेव्हा दारात बोलणं थांबलं. मामा वरून कडाडले, "शिलंगणाच्या आधी हत्यार? डोकं फिरलं काय तुझं?"

"अवो, खाली उतरा," आत्ती म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा होता. "त्या डाव्या चाकाचं पिवळं तुमचं न्हवं. म्या लावलंय. हळद हाय ती."

"म्या लावलंय ते."

"न्हाय. तुम्ही इसरलासा."

हा शब्द पहिल्यांदा मामांच्या तोंडावर बोलला गेला. मागच्या सगळ्या दिवसांत आत्तींनी तो कधी त्यांच्या कानावर पडू दिला नव्हता. मला वाटलं, आता मामा आत्तींवर धावून जातील. त्यांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, चाकापाशी गेले, बोट ओलं करून नटावर घासलं आणि त्या पिवळ्या बोटाकडं बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला. आत्तींनी पाना दिला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि नटावर बसवला. काही जोर न लावता नट फिरला, आणि फिरतच राहिला. ते वरून वाकून बघणाऱ्या बायकांनाही दिसलं. मालुबाईनं तोंडाला पदर लावला.

"उतरा समद्या," मामा म्हणाले.

बायका उतरल्या. मामांनी समोरासमोरचे नट आवळत सगळं चाक घट्ट केलं. पालखी आमच्या दारावरून पुढं निघून गेली, कुणीतरी "हवालदार, चला की," म्हणालं, मामांनी मान वर केली नाही. आवळून झाल्यावर त्यांनी मला रंगाचा डबा आणायला सांगितला आणि ब्रश आत्तींच्या हातात दिला. "हितनं पुढं तू मारायची रेघ. म्या आवळताना बघायचं, आन् मगच मारायची." आत्तींनी आयुष्यात रांगोळीशिवाय काही काढलेलं नव्हतं. रेघा वाकड्या आल्या. मामांनी बाकीची चाकंही परत तपासली, त्यांच्या स्वतःच्या रेघा असूनही.

मग बायका पुन्हा चढल्या. आत्ती मागं मालुबाईशेजारी बसल्या. मामा ड्रायव्हरच्या दारापाशी गेले, दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मी माझ्या डाव्या जागेकडं निघाले होते. त्यांनी मला हाक मारली.

"रचना. चावी घे."

"मामा, मी ही कधी चालवली नाही."

"म्हाईत हाय. मी शेजारी हाय की."

आणि ते गाडीला वळसा घालून गेले आणि को-ड्रायव्हरच्या जागेवर बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. मला रडू येत होतं आणि क्लच पायाला लागत नव्हता, सीट पुढं घ्यावी लागली. सूरजची छोटी गाडी चालवणं वेगळं आणि हा हत्ती हाकणं वेगळं. पहिल्यांदा बंद पडली. मामांनी नुसता तळहात खाली दाबून दाखवला, हळू. दुसऱ्यांदा निघाली.

चढणीला लागलो. वळण जवळ यायला लागलं तशी माझी पाठ घामानं भिजली. मामा डावीकडून चाकाच्या बाजूला बघत होते, त्यांनी बोटानं उजवीकडं खूण केली, मी गाडी उजवीकडं दाबली, आणि विहीर मागं गेली. वर माळावर पालखी टेकलेली दिसायला लागली. मागं बायका बोलायला लागल्या.

को-ड्रायव्हरनं बोलायचं नसतं. पण मामा एकाएकी अस्वस्थ झाले, माझ्याकडं वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत मी इतके दिवस लपून बघत आले ती भीती सरळ समोर होती.

"त्या डाव्या चाकाचं नट आवळलं व्हतं न्हवं म्या?"

मागून आत्तींचा आवाज आला.

"व्हय, आवळलासा. मी बघितलंय."

मामांनी मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागले. मी आरशात बघितलं. आत्ती जागच्या उठल्या नव्हत्या, पदर खोचला नव्हता, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि त्यांच्या बोटांना पिवळा रंग लागलेला होता.